सानमिंगचे पाच युआन

‘प्लॅटफॉर्म’ या चिनी चित्रपटात एक प्रसंग आहे. गावोगाव प्रयोग करत फिरणारी एक मंडळी कोळशाच्या खाणींच्या भागात पोचते. मंडळीतल्या मिंगलियांगचा नात्यातला भाऊ सानमिंग तिथंच खाणीवर कामाला लागतोय. कराराचा कागद त्याच्या हातात आहे, पण त्याला वाचता येत नाही. मिंगलियांग वाचून दाखवतो. जगणं-मरणं नशिबाचं, अपघात झाला तर मालकावर जबाबदारी नाही, जीव गेला तर घरच्यांना 500 युआन. सानमिंग ऐकून घेतो. पुढे मंडळी निघते तेव्हा तो मागून येतो, पाच युआन मिंगलियांगच्या हातात देतो आणि सांगतो, हे माझ्या बहिणीला दे. म्हणावं, परीक्षा पास हो, कॉलेजला जा, इथं परत येऊ नको.

हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी लॅपटॉप तसाच थांबवून घरात येरझाऱ्या घालत राहिले. सानमिंगचं काम करणारा माणूस हान सानमिंग या नावाचाच आहे, दिग्दर्शकाचा खरोखरच नात्यातला भाऊ (कझिन) लागतो आणि तो खरोखरच खाणकामगार होता, हे नंतर वाचलं. त्या चेहऱ्यावरचा शांतपणा अभिनयाच्या कुठल्या शिबिरात शिकवता येणार नाही.

दिग्दर्शकाचं नाव जिया झांगके. गेली काही वर्षं मी त्याचे चित्रपट पुन्हा पुन्हा बघते आहे, आणि त्याच्याबद्दल मराठीत सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं. मी गोव्यात, केप्याच्या बाजूच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. परभाषेतले चित्रपट खाली पाट्या वाचत बघायची सवय मला इफ्फीनं, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवानं, लावली. 2004 पासून हा महोत्सव पणजीत होऊ लागला आणि नोव्हेंबर आला की शाळेतून रजा टाकून रांगेत उभं राहायचं, हे ठरूनच गेलं. जिया मात्र मला रांगेत भेटला नाही. एका जुन्या विद्यार्थ्यानं हार्ड डिस्क आणून दिली, म्हणाला, “टीचर, हे बघाच.”

जियाचा जन्म 1970 चा, चीनच्या उत्तरेकडल्या शान्शी प्रांतातल्या फेनयांग या लहान शहरातला. कोळसा, पिवळी धूळ, कडक थंडी. वडील शाळेत शिक्षक. सांस्कृतिक क्रांतीचा फटका त्या घराला बसलेला. पोरवयात हा मुलगा ब्रेकडान्स करायचा, नाचणाऱ्या चमूबरोबर हिंडायचा. पुढे चित्रकला शिकायला तायुआनला गेला आणि तिथल्या एका थिएटरात त्यानं छन काइगे या दिग्दर्शकाचा ‘यलो अर्थ’ पाहिला. 1984 चा हा चित्रपट पिवळ्या मातीच्या त्या उजाड पठारावर घडतो. आपल्या ओळखीची माती, आपल्यासारखे शेतकरी पडद्यावर दिसले आणि आपणही हेच करायचं असं त्यानं ठरवून टाकलं. 1993 मध्ये त्याला बीजिंग फिल्म अकादमीत प्रवेश मिळाला, तोही दिग्दर्शनाला नाही, सिद्धान्ताच्या शाखेला. मग काही मित्रांना जमवून त्यानं लघुपट करायला सुरुवात केली. गावाकडे सणाला जायचं आहे पण बरोबर यायला कोणी नाही, अशा शहरातल्या एका स्वयंपाक्यावरचा त्याचा लघुपट हाँगकाँगला नावाजला गेला आणि त्यातून यू लिक-वाय हा छायाचित्रकार त्याला भेटला. पुढची कितीतरी वर्षं दोघांनी बरोबर काम केलं.

पहिला मोठा चित्रपट ‘शियाओ वू’. एका खिसेकापूची गोष्ट. जिया सणासाठी फेनयांगला गेला होता. तिथं कळलं की गावची जुनी मुख्य पेठ पाडणार आहेत. त्यानं दुसऱ्या गोष्टीसाठी ठेवलेला पैसा आणि वेळ इकडे वळवला आणि 1997 मध्ये त्या पेठेतच, 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं, न-नटांना घेऊन चित्रीकरण उरकलं. नायक झाला वांग होंगवेई, अकादमीतला त्याचा वर्गमित्र. जाड चष्मा, अंगाला न बसणारा कोट. या खिसेकापूचा जुना सोबती आता व्यापारी होऊन प्रतिष्ठित झालाय आणि स्वतःच्या लग्नाला त्याला बोलावत नाही. शेवटी पोलिस त्याला भररस्त्यात एका तारेला बेडी घालून ठेवतात आणि बघे गोळा होतात. ते बघे खरे, रस्त्यावरचेच. कॅमेरा त्यांच्याकडे वळतो आणि ते सरळ आपल्याकडे बघत राहतात. 1998 च्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला, जगानं नाव घेतलं, आणि मायदेशात जियावर खप्पामर्जी झाली. परवानगी न घेता चित्रपट केला म्हणून.

तरी त्यानं ‘प्लॅटफॉर्म’ केला, पुन्हा परवानगीशिवाय. 2000 साली तो व्हेनिसला गेला. माझा सगळ्यात लाडका चित्रपट हाच, म्हणून इथं थोडी रेंगाळणार आहे.

1979 ते साधारण 1989, अशा दहा वर्षांत फेनयांगमधल्या एका सरकारी नाटक मंडळीचं काय होतं, ही गोष्ट. सुरुवातीला रंगमंचावर खुर्च्यांच्या ओळी मांडून नट आगगाडी करतात. गाडी चाललीय माओच्या जन्मगावाला. प्रेक्षक टाळ्या देतात. मग हळूहळू बेलबॉटम येते, कुरळे केस करून घ्यायची टूम येते, कॅसेटवर तैवानच्या गायिकेची प्रेमगीतं येतात. एक दिवस सरकार हात काढून घेतं, मंडळी कंत्राटानं चालवायला दिली जाते. शेवटी तीच माणसं ‘शेन्झेन’ या शहराचं नाव लावून रॉक आणि ब्रेकडान्सचा बँड म्हणून ट्रकातून हिंडतात. ज्यांनी खोटी आगगाडी इतकी वर्षं चालवली, त्यांना दूरवर खऱ्या आगगाडीची शिटी ऐकू येते तेव्हा सगळी पुलाकडे धावत सुटतात. पोचेपर्यंत गाडी निघून गेलेली.

आमच्याकडे गोव्यात नाटक देवळाच्या उत्सवाचं. बाबा दिवसा तालुक्याच्या कचेरीत कारकून आणि जत्रेच्या रात्री छत्रपती किंवा सिंधूचा सुधाकर. देवळाच्या मंडपात महिनाभर तालमी. मास्तर, पोस्टमन, खाणीवरचे फिटर, सगळे त्यात. नटी बाहेरून यायची, तिची उतरायची सोय आमच्याच घरी. रात्री अकराच्या पुढे पडदा वर गेला की पहाटेचा कोंबडा आरवेपर्यंत नाटक. मग घराघरांत टीव्ही आला, जत्रेला ऑर्केस्ट्रा आला, उत्सवाची नाटकं आखूड झाली. बाबांच्या पेटीत मिशा, कंबरपट्टे आणि शाईनं लिहिलेल्या नकला तशाच राहिल्या. ‘प्लॅटफॉर्म’मधला मिंगलियांग शेवटी घरी खुर्चीत पेंगतो, बायको मूल खेळवते, चुलीवर किटली शिट्टी मारते, तेव्हा मला बाबा दिसले. फेनयांग आणि केपे यांच्यात किती डोंगर, किती समुद्र आहे! आणि तरी ती गोष्ट माझ्या घरचीच वाटली.

या चित्रपटात चाओ ताओ पहिल्यांदा दिसली. तायुआनला नृत्य शिकवणारी मुलगी. त्यानंतर जियाच्या जवळजवळ प्रत्येक कथाचित्रपटात ती आहे. 2012 मध्ये दोघांनी लग्न केलं.

‘अननोन प्लेझर्स’ (2002) दातोंग या खाणशहरातला. त्यातली एक जागा मला फार आवडते. रस्त्यावर चोरट्या डिस्क विकणाऱ्या पोराला एकजण विचारतो, ‘शियाओ वू’ आहे का, ‘प्लॅटफॉर्म’ आहे का? पोराकडे दोन्ही नाहीत. विचारणारा वांग होंगवेईच! जियाचे चित्रपट मायदेशात थिएटरात लागत नव्हते, लोक ते असेच चोरट्या डिस्कवर बघत होते. पहिला मंजूर झालेला चित्रपट म्हणजे 2004 चा ‘द वर्ल्ड’. बीजिंगच्या एका उद्यानात आयफेल टॉवर, पिरॅमिड, ताजमहाल यांच्या लहान प्रतिकृती आहेत. तिथं काम करणाऱ्या, कधीच देश न सोडलेल्या पोरापोरींची ही गोष्ट. त्यात एक बांधकाम मजूर अपघातात मरतो. मरताना सिगारेटच्या पाकिटावर लिहितो, कोणाचे किती पैसे द्यायचेत. पैसे घ्यायला गावाहून जे येतात, त्यांत पुन्हा तो सानमिंग.

आणि मग ‘स्टिल लाइफ’, 2006.

यांगत्से नदीवरच्या तीन घळींच्या धरणामुळे सुमारे तेरा लाख माणसं उठली. काहींना वरच्या डोंगरावर नवं गाव मिळालं, काहींना शांघाय, ग्वांगडोंगसारख्या दूरच्या प्रांतांत पाठवलं. घळींच्या तोंडाशी फेंगजिये हे दोन हजार वर्षांचं शहर. आठव्या शतकातल्या ली बाय या कवीनं तिथून होडीनं निघाल्याची कविता केली आणि चिनी मुलं ती शाळेत पाठ करतात. जिया तिथं गेला होता लिऊ शियाओदोंग या चित्रकारावर माहितीपट करायला. चित्रकार घरं पाडणाऱ्या मजुरांची मोठमोठी चित्रं काढत होता. जियानं आजूबाजूला पाहिलं आणि तिथंच कथाचित्रपट उभा करायला घेतला. शहर हातोड्यांनी पाडलं जात असताना, त्याच ढिगाऱ्यांत, त्याच मजुरांबरोबर. पडद्यावर जे मोडकं शहर दिसतं तो देखावा उभारलेला नाही.

गोष्ट साधी. शान्शीचा खाणकामगार सानमिंग सोळा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या बायकोला आणि मुलीला शोधत येतो. तिनं पत्ता लिहिलेलं सिगारेटचं पाकीट त्यानं जपून ठेवलंय. मोटारसायकलवाला त्याला नदीच्या काठावर नेतो आणि पाण्याकडे बोट दाखवतो. पत्ता तिथं, खाली. दुसरीकडून एक परिचारिका, चाओ ताओ, दोन वर्षं घरी न आलेल्या नवऱ्याला शोधत येते. दोघं एकमेकांना भेटत नाहीत.

सानमिंग घरं पाडायच्या कामावर लागतो. मजूर एकमेकांना सिगारेट देतात, दारू देतात. कोणी दहा युआनची नोट काढून दाखवतो, त्यावर त्याच्या गावची घळ छापलीय. सानमिंग पन्नासची नोट दाखवतो, तिच्यावर त्याच्याकडचा पिवळ्या नदीचा धबधबा. नंतर तो एकटा काठावर उभा राहून दहाची नोट डोळ्यांसमोर धरतो आणि समोरच्या डोंगरांशी ताडून बघतो. मध्येच एक अर्धवट बांधलेली उंच इमारत रॉकेटसारखी उडून जाते आणि चित्रपट त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. दोन हजार वर्षांचं शहर दोन वर्षांत जमीनदोस्त होत असेल तर इमारत उडून जाणं काय मोठं, असं मला ते बघताना वाटलं. त्या वर्षी व्हेनिस महोत्सवाचा सुवर्णसिंह, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, या चित्रपटाला मिळाला.

आता कुर्डीबद्दल लिहिते.

सांगे तालुक्यातलं कुर्डी माझं आजोळ. मोगूबाई कुर्डीकर 1904 मध्ये जन्मल्या ते हेच गाव. साळावली धरण झालं आणि ऐंशीच्या दशकात गाव पाण्याखाली गेलं. दक्षिण गोव्याच्या नळांना येतं ते पाणी. आमच्या केप्याच्या नळालाही. गावचं प्राचीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्यानं चिरा चिरा सोडवून दुसरीकडे नेऊन परत उभं केलं. माणसं वाडे आणि वालकिणी इथं गेली. माझे मामा वालकिणीला.

मे महिन्यात पाणी ओसरतं आणि गाव वर येतं. गावची माणसं येतात, सोमेश्वराकडे पूजा होते, कपेलाकडेही, म्हणजे छोट्या चर्चकडेही, लोक जमतात. भेगाळलेला चिखल, माडांची काळी खोडं, चिऱ्यांची जोती. मामा जोत्यावरून जोत्यावर असे चालतात की भिंती अजून उभ्याच आहेत. दाराच्या जागेतूनच आत शिरतात, भिंतीच्या जागेवरून कधी जात नाहीत. “हांगा रांदचीकूड. हांगा बांय. हांगा तुळस.” इथं स्वयंपाकघर, इथं विहीर, इथं तुळस. मामी मागून म्हणते, “आतां पुरो, वत लागता,” आता पुरे, ऊन लागतंय. मामा ऐकत नाहीत.

मामांना मी ‘स्टिल लाइफ’ दाखवला. चिनी कळत नाही, इंग्रजी पाट्या वाचायचा कंटाळा, म्हणून मी शेजारी बसून सांगत गेले. पण फार सांगावं लागलं नाही. पुनर्वसन कचेरीत लोक भांडतात तो प्रसंग त्यांना माझ्याआधी कळला. भिंतींवर पाणी कुठवर येणार त्याच्या खुणा रंगवलेल्या दिसल्या तेव्हा ते पुढे सरकून बसले. मोटारसायकलवाला पाण्याकडे बोट दाखवतो तिथं म्हणाले, “थांबय.” मग विचारलं, “तांकां जमीन मेळ्ळी, काय फकत पयशे?” मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सगळा चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. बायकोच्या भावाचं कर्ज फेडल्याशिवाय सानमिंगला बायको परत मिळणार नसते. तो पुन्हा शान्शीच्या खाणीत जायचं ठरवतो आणि बरोबरच्या मजुरांना सांगतो, मजुरी चांगली आहे, पण सकाळी खाली गेलेला संध्याकाळी वर येईलच असं नाही. तरी ते त्याच्याबरोबर निघतात. “भुकेचो मनीस वता,” भुकेला माणूस जातोच, मामा एवढंच बोलले.

जियाबद्दल मला जे मनापासून सांगायचंय ते असं, की तो वेळेवर पोचला. फेनयांगची पेठ पाडायच्या आधी पोचला, फेंगजिये बुडायच्या आधी पोचला. पैसे नव्हते, परवानगी नव्हती, नट नव्हते, तरी जे हाताशी होतं ते घेऊन गेला आणि तिथल्याच माणसांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. परत काही वर्षांनी त्याच ठिकाणी गेला, त्याच माणसांना घेऊन. सिनेमाची कितीतरी मोठी माणसं आहेत, पण मला हे वेळेवर पोचणं सगळ्यात मोलाचं वाटतं. आजोळच्या घराचा माझ्याकडे एकही फोटो नाही. मामांकडेही नाही.

माझं सासर डिचोली भागातलं, खनिजाच्या पट्ट्यातलं. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा दिरांच्या अंगणात टिपर उभे राहिले ते उभेच, हप्ते मात्र चालू. मांडवीतल्या खनिज वाहणाऱ्या बार्जी बांधून पडल्या. गॅरेजवाले, चहाची गाडीवाले, बार्जीवरचे खलाशी, सगळ्यांची घडी मोडली. लाल धूळ बसली, विहिरींना पाणी आलं असं म्हणणारेही होते, तेही खोटं नव्हे. हा सगळा गुंता जियाच्या चित्रपटात मावला असता. आमची हातात चांगले फोन असलेली मुलं तो का टिपत नाहीत, असं वाटून मी नववीच्या वर्गाला निबंधाचा विषय बदलून दिला. पाच वर्षांनी जे गावात नसेल असं एक घर, दुकान किंवा झाड निवडा, तिथल्या माणसाशी बोला, लिहा, आणि जमलं तर फोनवर चित्रीकरण करून आणा. एका मुलीनं शिरवईच्या बाजूच्या पिठाच्या गिरणीवर असं काही करून आणलं की स्टाफरूममध्ये सगळ्यांनी पाहिलं.

पुढचे चित्रपट भराभर सांगते. ‘24 सिटी’ (2008) चेंगदूच्या बंद होणाऱ्या कारखान्यावर आहे. त्यात खरे कामगार आणि नट दोघंही मुलाखती देतात आणि कोण कोणता ते पटकन कळत नाही. ‘अ टच ऑफ सिन’ (2013) बातम्यांतल्या खऱ्या हिंसक घटनांवर बेतलेला. कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं, चीनमध्ये प्रदर्शित झाला नाही. ‘माउंटन्स मे डिपार्ट’चा (2015) फेनयांगचा भाग मला अतिशय आवडतो, ऑस्ट्रेलियातला शेवटचा भाग तितका नाही. तिथली इंग्रजीतली माणसं मला कागदावरची वाटतात. 2017 मध्ये त्यानं फेनयांगजवळच्या पिंगयाओ या तटबंदीच्या जुन्या शहरात चित्रपट महोत्सव सुरू केला. 2018 मध्ये तो राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेचा, म्हणजे चीनच्या संसदेचा, सदस्य झाला. एकेकाळी बंदी सोसलेल्या माणसानं सरकारी सभेत बसावं हे मलाही टोचतं. पण त्याच्या गावच्या माणसांना त्याचे चित्रपट थिएटरात बघता यावेत, हेही मला तितकंच हवंसं वाटतं.

2024 चा ‘कॉट बाय द टाइड्स’ पाहून मात्र मी थक्क झाले. वीस-बावीस वर्षांत जमवून ठेवलेलं, आधीच्या चित्रपटांतलं आणि न वापरलेलं चित्रीकरण त्यानं काढलं, त्याला आजचं जोडलं आणि एक नवी गोष्ट केली. चाओ ताओ त्यात तरुण आहे आणि मग पन्नाशीकडे झुकलेली आहे. रंगरंगोटी करून नव्हे, खरोखरच तेवढी वर्षं गेलीत म्हणून. दातोंगच्या गल्ल्या, फेंगजियेचे ढिगारे, मग करोनातले मुखपट्टीवाले चेहरे. सबंध चित्रपटात ती जवळजवळ एक शब्द बोलत नाही.

कोणाला सुरुवात करायची असेल तर ‘स्टिल लाइफ’पासून करा, मग ‘प्लॅटफॉर्म’. ‘प्लॅटफॉर्म’ रात्री निवांत लावा, अडीच तास आहे आणि घाईनं बघायचा नाही.

आणि एक विनंती. वाडे, वालकिणी, सांगे, कुडचडे, कुठंही असलेल्या कुर्डीच्या माणसांनी आपापल्या घरातले लग्नामुंजीचे जुने अल्बम जरा काढून बघा. माणसांच्या मागे कुठं घराची पडवी, बाजार, शाळा, सोमेश्वराचा उत्सव दिसत असेल तर मला त्याची नक्कल हवी आहे, कितीही अंधूक असली तरी चालेल. जी मिळतील ती मोठी छापून, मामांना बरोबर घेऊन, येत्या मेमध्ये ज्या त्या जोत्यापाशी नेऊन ठेवायची आहेत.